दुकान घर चालवतंय की घर दुकान?

आमच्या घरात हिशेबाच्या दोन वह्या होत्या. एक बाबांची, लाल कापडी पुठ्ठ्याची, फोटो स्टुडिओच्या गल्ल्यात असायची. दुसरी आईची. दरवर्षी औषधांच्या दुकानातून फुकट मिळणारी डायरी, जिच्यात दूध, किराणा, भिशी, बारसं-लग्नाचे आहेर असं सगळं लिहिलेलं असायचं. बाबांच्या वहीत स्टुडिओ शेवटपर्यंत नफ्यात होता. आईच्या डायरीत मात्र तो २०१४ सालीच तोट्यात गेला होता. दोघांपैकी कोणीच खोटं लिहीत नव्हतं.

बाबांनी स्टुडिओ १९९१ मध्ये सुरू केला. तालुक्याचं गाव, बस स्टँडसमोरचा आजोबांनी घेतलेला गाळा, आत मागच्या बाजूला डार्करूम. दहावीच्या फॉर्मचे दिवस आले की बाहेर रांग लागायची. लग्नसराईत बाबा आठ-आठ दिवस घरी फक्त आंघोळीला यायचे. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करताना कुठल्या विधीला कुठलं गाणं टाकायचं, यावर वधूपक्ष आणि वरपक्ष आमच्या स्टुडिओत बसून भांडायचे. गावात बाबांना नावाने कमी आणि ‘स्टुडिओवाले’ म्हणूनच जास्त ओळखायचे. मला शाळेत शिक्षकही ‘स्टुडिओवाल्यांची मुलगी’ म्हणत.

बाबा काळाबरोबर बदलले नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. रोलचा जमाना संपतोय हे त्यांनी ओळखलं. २००५ मध्ये डिजिटल कॅमेरा घेतला, चाळिशीत फोटोशॉप शिकले आणि कॉम्प्युटर बसवला. पुढची सहा-सात वर्षं बरी गेली. ‘धंदा बुडाला, कारण त्यांनी नवीन काही शिकलंच नाही’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. अनेकदा लोक शिकतात, बदलतात, पैसे घालतात आणि तरीही गिऱ्हाईक येत नाही. अशा वेळी थांबायचं कधी, हा प्रश्न खरा अवघड होतो.

गिऱ्हाईक कुठे गेलं?

धंदा कमी झाला की पहिला प्रश्न असतो, ‘किती कमी झाला?’ त्याआधी विचारायला हवं, ‘गिऱ्हाईक गेलं कुठे?’

ते समोरच्या दुकानात गेलं असेल, तर ती स्पर्धा आहे. भाव, वागणूक, माल, वेळ यांत काहीतरी सुधारता येतं. ते घरीच थांबलं असेल, तर ती मंदी आहे. २०२० मध्ये मंडपवाले, केटरर, बँडवाले यांची कामं एका रात्रीत बंद झाली. पण लोकांनी लग्न करणं सोडलेलं नव्हतं. ज्यांनी घाबरून भांडी आणि खुर्च्या मिळेल त्या भावात विकल्या, त्यांना नंतर तोच माल महागात घ्यावा लागला. मंदीत दम धरणं हे शहाणपण असू शकतं.

तिसरी शक्यता वेगळी असते. गिऱ्हाईक कुठेच गेलेलं नसतं, त्याला फक्त त्या वस्तूची गरज उरलेली नसते. आमच्या बाबतीत हेच झालं. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आधारचा फोटो नोंदणीच्या टेबलावरच काढतात. त्याच सुमारास पासपोर्टचं कामकाज नव्या सेवा केंद्रांमध्ये जायला लागलं, तिथेही मोठ्या माणसांचा फोटो काउंटरवरच घेतात. मग परीक्षांचे फॉर्म ऑनलाइन झाले, फोटो ‘अपलोड’ करायचा झाला. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि कागदावरचा फोटो ही रोजची गरज राहिली नाही. यातलं काहीही बाबांच्या चुकीमुळे झालं नव्हतं आणि काहीही परत फिरणारं नव्हतं. याला लोक सवयीने ओहोटी म्हणतात. तो शब्द इथे फसवा आहे. ओहोटीनंतर भरती येते, म्हणून माणूस किनाऱ्यावर वाट पाहत बसतो.

बाबाही बसले. ‘या सीझनला बघू.’ ‘शाळा सुरू होऊ देत.’ ‘निवडणुकीत कामं येतील.’ यातलं प्रत्येक वाक्य त्या त्या वेळी पटण्यासारखं होतं, कारण चार कामं खरोखरच यायची. उतरत्या धंद्याची ही मोठी अडचण आहे. तो एकदम बंद पडत नाही. मधूनच एखादा चांगला आठवडा येतो आणि तो आठवडा पुढचे सहा महिने खेचून नेतो.

वहीत न दिसणारं भाडं

बाबांच्या वहीतला २०१८ मधला एक साधारण महिना सांगते. जमा २१,००० रुपये. कागद आणि शाई ५,५००. वीज २,८००. मदतीला असणाऱ्या मामांचा पगार ६,०००. इंटरनेट, दुरुस्ती, किरकोळ १,२००. उरले ५,५०० रुपये. बाबा याला नफा म्हणत.

पण तोच गाळा भाड्याने दिला असता, तर तेव्हाच्या दराने महिना ७,००० रुपये सहज आले असते. म्हणजे कुलूप लावून, चावी दुसऱ्याला देऊन, घरी बसून जास्त पैसे मिळाले असते. बाबा सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकानात उभे राहून महिन्याला दीड हजार रुपये गमावत होते. त्यांचा स्वतःचा पगार तर या हिशेबात कुठेच नव्हता. रविवारी गल्ल्यावर बसणाऱ्या आईचाही नव्हता.

घरच्या धंद्यांमध्ये हे सर्रास होतं. जागा आपली म्हणून भाडं धरत नाहीत, माणूस आपला म्हणून पगार धरत नाहीत. चांगल्या दिवसांत हे खपून जातं, वाईट दिवसांत मात्र खरा आकडा याच दोन जागी लपून बसतो. तुमच्या घरात असं दुकान, कारखाना, क्लास, पार्लर काहीही असेल, तर एकदा कागद घेऊन बसा. स्वतःच्या जागेचं बाजारभावाने भाडं लिहा. तुम्ही करता ते काम दुसऱ्याकडे नोकरी म्हणून केलं असतं तर जो पगार मिळाला असता, तो लिहा. घरातलं जे कोणी फुकट राबतं, त्याचाही लिहा. मग काय उरतं ते बघा. जागा भाड्याची असेल, तर भाडं दिसतं खरं, पण तिथे दुसरा घोळ होतो. भाडं थकतं आणि मालक ते डिपॉझिटमधून वळतं करत जातो. डिपॉझिट संपेपर्यंत घरच्यांना काही कळतच नाही.

आणि मग आईची डायरी. तिच्यात २०१४ पासून अधूनमधून एकच शब्द यायचा, ‘दुकानासाठी’. वीजबिलाला ३,०००. मामांच्या दिवाळीला ५,०००. कागदाच्या बॉक्सला ४,२००. तोपर्यंत पैसा दुकानातून घरी यायचा. तिथून पुढे तो हळूहळू उलट्या दिशेने वाहू लागला. माझ्या मते धंदा सोडायचा विचार याच महिन्यात सुरू व्हायला हवा. तोट्याचा पहिला महिना एवढा महत्त्वाचा नसतो, तोटा कुठल्याही धंद्यात येतो. पण दुकान घर चालवायचं थांबून घर दुकान चालवायला लागलं, की तो धंदा उरत नाही. तो एक खर्च होतो. आपण तो प्रेमापोटी करतोय, हेही हरकत घेण्यासारखं नाही. फक्त घरातल्या सगळ्यांना ते माहीत असायला हवं.

आम्हाला माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही, बाबांनी कधी विचारलं नाही.

मशीन बिघडतं तो दिवस

२०१६ मध्ये आमचा मोठा प्रिंटर बिघडला. दुरुस्ती परवडत नव्हती, नवा ८५,००० रुपयांना होता. माझ्या नावावर ६०,००० रुपयांची एफडी होती, बारावीनंतर पुण्याला शिकायला जाण्यासाठी ठेवलेली. ती मोडली. वरचे २५,००० आईच्या भिशीतून आले. मी तेव्हा दहावीत होते. मला सांगितलं, ‘तुझी एफडी दुकानात गुंतवलीय.’ मला तर उलट अभिमान वाटला होता. पुढे मी गावातल्याच कॉलेजात बीएला गेले. त्याबद्दल तक्रार नाही, तिथे इंग्रजी चांगलं शिकवायचे. पण तो निर्णय कोणी घेतला असं विचारलं, तर खरं उत्तर ‘प्रिंटरने’ असं आहे.

अशी वेळ प्रत्येक धंद्यात येते. पिठाच्या गिरणीची मोटर जळते, झेरॉक्स मशीनचं ड्रम जातं, टेम्पोचं इंजिन बसतं, दुकानाचा करार संपतो. त्या दिवशी आपण घाईत असतो. गिऱ्हाईक उभं असतं, म्हणून डोक्यात एकच प्रश्न असतो, ‘हे लवकरात लवकर चालू कसं करायचं?’ खरं तर रोजचा खर्च करताना थांबून विचार होत नाही, पण मोठी रक्कम घालताना तो करता येतो. स्वतःला विचारायचं, ‘हा धंदा माझा नसता आणि आज हातात हे ८५,००० असते, तर मी याच धंद्यात घातले असते का?’ बाबांना मी हे बऱ्याच वर्षांनी विचारलं. ते लगेच ‘नाही’ म्हणाले. २०१६ मध्येही त्यांनी हेच उत्तर दिलं असतं, पण तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं.

घातलेल्या पैशाचं ओझं फार असतं. ‘एवढे घातले, आता थोडे आणखी’ या वाटेने माणूस पुढे जात राहतो. जे गेले ते गेले, हे दुसऱ्याला सांगणं सोपं. आपल्या हाताने लावलेल्या पाटीकडे बघून स्वतःला सांगणं जड जातं.

फिल्म बनवणाऱ्यांनी काय केलं

गंमत म्हणजे ज्या कंपन्यांचे रोल बाबा विकायचे, त्यांच्यासमोरही हाच प्रश्न होता, फक्त आकडे अवाढव्य. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीचे इंजिनियर स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा तयार केला होता. साडेतीन किलोहून जड, एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद घेणारा. म्हणजे उद्या काय येणार आहे, ते कोडॅकच्या घरातच आधी दिसलं होतं. पण फिल्म आणि कागदातून येणारा पैसा इतका चांगला होता की तो सोडवेना. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

जपानची फुजीफिल्म त्याच धंद्यातली. जगभरात रंगीत फिल्मची विक्री २००० च्या सुमारास शिखरावर होती. पुढच्या दहा वर्षांत ती एक दशांशाहूनही खाली आली. कंपनीचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी आपल्याकडे फिल्मशिवाय आणखी काय आहे याची झाडाझडती घेतली. फिल्ममध्ये जिलेटिन असतं, ते कोलॅजेनपासून बनतं. आपल्या त्वचेतही कोलॅजेन असतं. फोटो फिका पडू नये म्हणून केलेलं रसायनांचं संशोधन त्वचेसाठी वापरता येतं. त्यातून २००७ मध्ये त्यांनी ॲस्टालिफ्ट नावाची सौंदर्यप्रसाधनं आणली. पातळ फिल्म बनवण्याचं कसब टीव्ही-कॉम्प्युटरच्या एलसीडी पडद्यांसाठी लागणारी फिल्म बनवायला कामी आलं. औषधांच्या क्षेत्रातही ते उतरले. हे सगळं गोड नव्हतं. २००६ मध्ये फोटोच्या विभागातून सुमारे ५,००० लोकांना कमी करण्याचा निर्णय झाला होता.

एवढ्या मोठ्या कंपनीशी तालुक्यातल्या स्टुडिओची तुलना करणं जरा हास्यास्पदच आहे. त्यांच्याकडे संशोधक होते, राखीव पैसा होता. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांनी बदलाला हात घातला तेव्हा फिल्म अजून विकली जात होती. हातात पैसे होते, ते नव्या कामाला लागले. आणि त्यांनी ‘आपण काय विकतो’ आणि ‘आपल्याला काय येतं’ हे दोन प्रश्न वेगळे केले. बाबा फोटो विकत होते. त्यांना येत होतं ते वेगळंच. जुन्या, फाटलेल्या, बुरशी लागलेल्या फोटोत चेहरा परत आणणं. तीनशे फोटोंतून लग्नाची गोष्ट सांगणारे साठ निवडणं. याला बस स्टँडसमोरचा गाळा लागत नाही.

पाडव्याची नवी वही

२०१९ च्या गणपतीनंतर एका दुपारी आईने तिच्या डायऱ्या काढल्या. भांडण नव्हतं. जीएसटीवाल्यांचा कसलासा मेसेज आला होता आणि बाबा जुने कागद शोधत होते. मी आकडे वाचत गेले, बाबा कॅल्क्युलेटरवर बेरीज करत गेले. पाच वर्षांतले ‘दुकानासाठी’ मिळून तीन लाख चाळीस हजार रुपये झाले. बाबांनी बेरीज पुन्हा केली. तेवढीच आली.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मामांना काय सांगायचं?’ मामा आमच्याकडे चौदा वर्षं होते. धंदा बंद न करण्यामागची खरी कारणं हिशेबात नसतातच, ती अशी असतात. मामांचं घर, गावातली ओळख, आजोबांनी घेतलेला गाळा, ‘शेवटी बंद पडलं का’ असं विचारणारे नातेवाईक. यावर कुठलंही सूत्र चालत नाही. पण यातली बरीचशी कारणं वेळ आणि थोडा पैसा असेल तर सोडवता येतात, आणि उशीर करण्यात नेमकं हेच दोन्ही संपून जातं.

त्या वर्षी दिवाळीत आम्ही पूजा केली, पण पाडव्याला नवी वही आणली नाही. बाबांनी जानेवारी अखेरची तारीख ठरवली आणि घरात सगळ्यांना सांगितली. तारीख मोठ्याने सांगण्याचा फायदा मला तेव्हा कळला. मनातली तारीख पुढे ढकलता येते, चौघांना सांगितलेली ढकलताना लाज वाटते.

मामांना तीन महिने आधी कळवलं. कॅमेरा, लाइट आणि छत्र्या त्यांनाच निम्म्या किमतीत, हप्त्याने दिल्या. ते आता बारसं, वाढदिवस आणि शाळांच्या ओळखपत्रांची कामं करतात. तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. ती रक्कम आधीच बाजूला काढायला हवी.

बाकीचं आवरणंही वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. शटर ओढलं म्हणजे धंदा बंद झाला, असं सरकारी कागदांत होत नाही. जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. तोपर्यंत विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर दंड चढत जातो. नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न भरायचं असतं आणि उरलेल्या मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. विजेचा व्यावसायिक मीटर, दुकानाचा परवाना, बँकेतलं चालू खातं, कार्ड स्वाइप करायचं मशीन, सगळं एकेक करून बंद करायचं. उधारी आधी वसूल करा, बंदची बातमी नंतर द्या, हा बाबांचा सल्ला. दुकान बंद होतंय म्हटल्यावर लोकांना उधारी आठवत नाही.

कर्ज असेल, तर ते पहिल्यांदा बघा. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल, तर दुकानाचं कर्ज आणि तुमचं कर्ज यात कायदा फरक करत नाही. दुकान बंद केलं तरी बँक तुमच्याकडेच येणार. घर तारण असेल किंवा भावाने, मेव्हण्याने जामीन दिला असेल, तर त्यालाही आधी विश्वासात घ्या. आमच्यावर सुदैवाने कर्ज नव्हतं. एफडी आणि भिशी होती म्हणून नव्हतं.

लोक काय म्हणाले?

जानेवारी २०२० मध्ये स्टुडिओ बंद झाला आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. त्यानंतर जो भेटेल तो म्हणायचा, ‘बरं झालं, वेळेवर सुटलात.’ बाबा ते मान्य करत नाहीत. ते म्हणतात, ‘तो योगायोग होता. वेळेवर सुटलो असतो तर २०१४ मध्येच सुटलो असतो.’ त्यांच्या मते ती सहा वर्षं फक्त पैशांची नव्हती. पंचेचाळिशीत नवीन काम शोधणं आणि पन्नाशी ओलांडल्यावर शोधणं यात फार अंतर आहे.

पहिले काही महिने वाईट गेले. सकाळी नऊ वाजता ते चपला घालून दारात उभे राहायचे आणि परत आत यायचे. आई काही बोलायची नाही, चहा ठेवायची. मग जिल्ह्यातल्या एका तरुण फोटोग्राफरने लग्नाच्या अल्बमची डिझाइन्स करून द्याल का, असं विचारलं. एकाचे तीन झाले, आता सात आहेत. दर पानामागे पैसे मिळतात. चांगल्या दिवसांतल्या स्टुडिओइतकी कमाई नाही, पण खर्च म्हणजे फक्त वीज आणि इंटरनेट. जुने फोटो दुरुस्त करायला तर इंदूर आणि बडोद्याच्या नातेवाइकांकडूनही येतात, व्हॉट्सॲपवर. बाबा बरोबर निघालेल्या मिळकतीतून स्वतःचा पगार वेगळा लिहितात, आता मात्र आईच्या डायरीत.

सगळ्यात शेवटपर्यंत राहिल्या त्या निगेटिव्ह. तीसेक खोकी. बंद करण्याआधी बाबांनी पाटी लावली होती, ‘आपल्या निगेटिव्ह घेऊन जाव्यात’. फार थोडे लोक आले. एक आजी मात्र दोनदा आल्या. त्यांच्या मिस्टरांचा फोटो आमच्याकडे १९९६ मध्ये काढलेला होता, साल त्यांना पक्कं आठवत होतं. बाबांनी आणि मामांनी दोन दिवस शोधून ती निगेटिव्ह काढली आणि फोटो मोठा करून दिला. तो त्या प्रिंटरवरचा शेवटचा प्रिंट.

गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला येतं. उरलेली खोकी आमच्या माळ्यावर आहेत, आणि बाबा त्यांना हात लावू देत नाहीत.